कंट्रोल रॅटच्या जठराचा पीएच दर वेळी वेगळा येतोय? जनावर वाढवण्याआधी हे तपासा

प्रोजेक्टचा हंगाम सुरू झाला की हा प्रश्न ठरलेला असतो. एम. फार्मची मुलं वही घेऊन येतात. कंट्रोल गटात, म्हणजे औषध न दिलेल्या गटात, सहा विस्टार जातीचे रॅट, आणि सहांचे आकडे सहा दिशांना. एकाचा पीएच १.८, दुसऱ्याचा ४.६, बाकीचे मधे कुठेतरी. औषधाच्या गटाकडे बघायची सोयच उरत नाही, कारण ज्याच्याशी तुलना करायची तेच जागेवर नाही. मग पुढचा प्रश्न येतो, तोही ठरलेला: "मॅडम, अजून सहा घेऊ का?"

घेऊ नका. मी सोलापुरातल्या एका फार्मसी कॉलेजच्या अ‍ॅनिमल हाऊसचं काम पाहते आणि हाच बिघाड पुन्हा पुन्हा निस्तरत आले आहे. यातला बहुतेक गोंधळ रॅटच्या पोटात नसतो. तो वहीत, मीटरमध्ये, पिंजऱ्याच्या तळाशी किंवा औषध कालवलेल्या बाटलीत सापडतो, आणि तिथं बघायला एकही जनावर लागत नाही. म्हणून खालचा क्रम स्वस्तापासून महागाकडे लावला आहे. तो मोडू नका. मधेच एक जागा सापडली तरी पुढच्या एक-दोन पायऱ्या बघून घ्या, कारण बऱ्याचदा दोन कारणं एकत्र असतात.

लक्षणं

यातलं एक जरी दिसलं तरी ही पोस्ट तुमच्यासाठी आहे:

- एकाच गटातल्या जनावरांच्या पीएचमध्ये दोन एककांहून जास्त तफावत.
- प्रोटोकॉल तोच, पण मागच्या बॅचचा कंट्रोल आणि या बॅचचा कंट्रोल जुळत नाही.
- पीएच एक सांगतो आणि टायट्रेशन (ठरलेल्या ताकदीचा अल्कली घालून आम्ल मोजणं) दुसरंच.
- रात्रभर उपाशी ठेवलेल्या रॅटच्या जठरात घन माल निघतो.
- नुसतं व्हेइकल (औषध कालवायचं माध्यम) दिलेल्या गटातही आम्लता उतरलेली दिसते, किंवा ओमेप्राझोल हे आम्लस्राव रोखणारं औषध देऊनही उतरत नाही.
- सीकमचा (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीचा) पीएच सकाळच्या जनावरांत एक आणि दुपारच्या जनावरांत वेगळा.

आकडा खरंच चुकला आहे का?

माणसाच्या उपाशी जठराचा पीएच १ ते २ च्या घरात असतो आणि जेवल्यावर तो चढतो. हेच डोक्यात ठेवून मुलं रॅटकडे बघतात आणि ३.८ आला की घाबरतात. रॅट आणि माऊसमध्ये चित्र वेगळं आहे. जठराचं खालचं तोंड बांधलेलं नसेल तर उपाशी रॅटच्या जठरात ४ च्या आसपास पीएच मिळणं अगदी शक्य आहे, आणि माऊसमध्ये तर खाल्लेल्या जनावराचा पीएच उपाशी जनावरापेक्षा खाली असू शकतो. रॅट उपाशी असतानाही थोडं थोडं आम्ल सोडतच असतो, पण ते पुढं निघून जातं. रिकाम्या जठरात मोजायला जेमतेम ओल उरते.

पायलोरस लायगेशन केलेल्या रॅटचं गणित निराळं. ही पद्धत शे आणि सहकाऱ्यांनी १९४५ साली मांडली. जठराचं खालचं तोंड बांधलं की स्राव आतच साठतो आणि चार तासांत काही मिली रस मिळतो. तिथं कंट्रोलचा पीएच साधारण १.५ ते २.५ अपेक्षित धरावा. सशाचं जठर मुळातच १ ते २ च्या घरात असतं, पण दूध पिणाऱ्या पिल्लांत ते बरंच वर असतं. तेव्हा आधी तुमची जात, वय, पद्धत नक्की करा आणि मगच आकडा चुकला म्हणा.

आणखी एक. रॅटचं जठर एकसारखं नाही. मोठ्या वळणावरून कापून उघडलंत की सरळ दिसतं: वरचा भाग पातळ, पांढुरका, जवळजवळ अर्धपारदर्शक. त्याला ग्रंथी नसतात, तिथं खाद्य साठतं आणि लॅक्टोबॅसिलस जिवाणू मुक्काम करतात. मग एक उंचवट्याची रेघ लागते. तिच्याखाली जाड, गुलाबी, घड्यांचा ग्रंथींचा भाग सुरू होतो. अरुंद पल्ल्याचा पीएच पेपर आधी वर टेकवा, मग खाली. खाल्लेल्या रॅटमध्ये दोन्ही ठिकाणी वेगळा रंग येतो. एकानं वरून मोजलं आणि दुसऱ्यानं खालून, तर तफावत तिथंच आली. गिनीपिगला हा वरचा भाग नसतोच. म्हणून रॅटचा प्रोटोकॉल जसाच्या तसा गिनीपिगला लावू नये.

पहिली तपासणी: वही

खर्च शून्य. सगळे आकडे गटाप्रमाणे न मांडता घड्याळाप्रमाणे मांडा. पहिला रॅट किती वाजता उघडला, शेवटचा किती वाजता. बहुतेक वेळा कंट्रोल गट सकाळी दहाला आणि सर्वात मोठ्या डोसचा गट दुपारी तीनला उरकलेला असतो. मधल्या पाच तासांत ती जनावरं जास्त उपाशी राहिली, खोली तापली, शेजारच्या जनावरांच्या हाताळणीचा वास आणि आवाज त्यांनी सोसला. आता फरक औषधाचा की वेळेचा, हे कुणीच सांगू शकत नाही. उपाय सोपा आहे. प्रत्येक गटातलं एक एक जनावर आळीपाळीनं घ्या, आणि क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा.

लायगेशन असेल तर प्रत्येक जनावराची गाठ मारल्याची वेळ आणि रस काढल्याची वेळ वेगवेगळी लिहा. गाठी एकामागून एक मारल्या आणि रस मात्र सगळ्यांचा एकदम काढला, तर शेवटच्या रॅटला चार तास मिळालेच नाहीत.

वहीतच दुसरी गोष्ट बघा: सरासरी. पीएच हा लॉगचा आकडा आहे. पीएच २ आणि पीएच ४ यांची सरासरी ३ लिहिली जाते, पण हायड्रोजन आयनांची सरासरी काढलीत तर ती २.३ च्या पीएचशी जुळते. एकच वेगळं जनावर गटाला किती ओढतंय हे कळायला दोन्ही मांडून बघा.

दुसरी: पीएच मीटर

इलेक्ट्रोड ४.० आणि ७.० च्या बफरमध्ये (पीएच ठाऊक असलेल्या द्रावणात) बुडवून मिलिव्होल्ट वाचा. २५ अंशांना दर पीएच एककामागं ५९ मिलिव्होल्टचा फरक पडायला हवा, म्हणजे या दोन बफरमध्ये सुमारे १७७. तो १६८ च्या खाली गेला असेल तर इलेक्ट्रोड थकला आहे. कॅलिब्रेशन "पास" झालं म्हणून गप्प बसू नका. काही मीटर ढिल्या इलेक्ट्रोडलाही पास करतात.

बरेच जण ७.० आणि ९.२ वर कॅलिब्रेट करून जठररस मोजायला बसतात. तुमचा नमुना २ च्या आसपास असताना ९.२ चा बफर काय कामाचा? ४.० च्या खाली जाणारा एक बफर ठेवाच. कॅप्सूल विरघळवून केलेला बफर महिनोन्‌महिने वापरू नका, त्यात बुरशी धरते. आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं एसी बंद पडलेली प्रयोगशाळा ३५ अंशांच्या वर सहज जाते. मीटरचं तापमान २५ वर अडकलेलं असेल तर ते खोलीच्या तापमानावर आणा.

जठररसात पेप्सिन आणि चिकट म्युकस असतं. ते काचेच्या गोळ्यावर बसतं आणि मीटर हळूहळू सरकत राहतो, आकडा ठरतच नाही. प्रत्येक नमुन्यानंतर डिस्टिल्ड वॉटरनं धुवा, टिश्यूनं घासू नका, नुसतं टिपा. थर बसलाच असेल तर ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात केलेल्या पेप्सिनच्या द्रावणात काही वेळ ठेवा. रात्री इलेक्ट्रोड ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवायचा, डिस्टिल्ड वॉटरमध्ये नाही.

तिसरी: नमुना पातळ झाला का, आणि टायट्रेशन त्याच्याशी जुळतं का

उपाशी रॅटच्या जठरात रस कमी निघाला की मुलं डिस्टिल्ड वॉटर घालून धुऊन घेतात. एकानं १ मिली घातलं, दुसऱ्यानं ५ मिली. पीएच २ चा १ मिली रस १० मिली केलात तर पीएच ३ होतो. जनावरात काहीही बदललं नाही, तरी वहीत दहापट आम्ल कमी झालं. धुवायचंच असेल तर पाणी ठरलेलं घ्या, प्रत्येकाला तेवढंच. मूळ रसाचं आकारमान आधी लिहून ठेवा, आणि तुलना पीएचवर न करता एकूण आम्लाच्या मिलिइक्विव्हॅलंटवर (आम्ल किती आहे ते सांगणाऱ्या एककावर) करा.

टायट्रेशनमध्ये टोफर रिएजंटनं मुक्त आम्लता आणि फिनॉल्फ्थॅलिननं एकूण आम्लता काढतो. १ मिली रसाला ०.०१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड जितके मिली लागलं त्याला १० नं गुणलं की लिटरमागं मिलिइक्विव्हॅलंट मिळतात. हा आकडा आणि पीएच समोरासमोर ठेवा. पीएच २ म्हणजे लिटरमागं साधारण १० मिलिइक्विव्हॅलंट मुक्त आम्ल, पीएच १.५ म्हणजे सुमारे ३२. मीटर पीएच ४ म्हणतोय आणि टायट्रेशन मुक्त आम्लता ५० म्हणतंय, तर दोघांपैकी एक नक्की चुकतोय. टोफर घातल्यावर रस सुरुवातीला लाल झालाच नाही तर मुक्त आम्ल नाहीच, तिथं सक्तीनं आकडा काढू नका.

सोडियम हायड्रॉक्साइड हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं. बाटलीवर ०.०१ लिहिलेलं असतं आणि आत ०.००९ उरलेलं असतं. मग ते जास्त लागतं आणि आम्लता सुमारे अकरा टक्क्यांनी फुगलेली दिसते. मागची बॅच आणि ही बॅच न जुळण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे. त्या त्या दिवशी ऑक्झॅलिक आम्लानं किंवा पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटनं स्टँडर्डाइज करा, आणि पाणी उकळून गार केलेलं वापरा.

रसात रक्त, पित्त किंवा लेंडी आली तर तो नमुना बाद. मात्र हा नियम आकडा बघण्याआधी लिहून ठेवा. आकडा न आवडल्यावर नमुना बाद करणं ही लबाडी आहे.

सीकम किंवा कोलनचा माल मोजत असाल तर वेळेला फार महत्त्व आहे. तिथले जिवाणू जनावर मेल्यावर थांबत नाहीत. तंतूंपासून आम्लं तयार करणं चालूच असतं आणि टेबलावर ठेवलेल्या मालाचा पीएच उतरत जातो. काढल्याबरोबर मोजा, नाहीतर लगेच बर्फावर ठेवा.

चौथी: तुम्ही पाजताय ते बीकरमध्ये घालून बघा

ही तपासणी लोक करत नाहीत, आणि मला ती सगळ्यात मोलाची वाटते.

आपल्याकडं बरेच प्रोजेक्ट वनस्पतींचे अर्क आणि भस्मांवर असतात. शंखभस्म घ्या. ते मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट आहे. जठरात गेलं की आम्लाशी थेट संयोग होतो आणि पीएच चढतो. जठराच्या पेशींनी आम्ल कमी सोडलं म्हणून नव्हे, सोडलेलं आम्ल खर्ची पडलं म्हणून. दोन्ही परिणाम वहीत एकसारखे दिसतात आणि निष्कर्ष मात्र पूर्ण वेगळे. आवळ्याचा अर्क उलट्या बाजूनं फसवतो, तो स्वतःच आंबट. एका बीकरमध्ये रॅटच्या जठरात असेल तेवढंच, म्हणजे काही मिली, पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल घ्या, त्यात एका रॅटचा डोस घाला, ढवळा आणि पीएच बघा. तिथंच पीएच चढला तर "स्राव रोखतो" हे वाक्य लिहायचा हक्क अजून मिळालेला नाही.

हीच गोष्ट ओमेप्राझोलची. ओमेप्राझोल आम्लात टिकत नाही. कॅप्सूल फोडून, आतले लेप दिलेले दाणे खलात वाटून ०.५ टक्के सीएमसीमध्ये (कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोजच्या घट्टसर द्रावणात) कालवून पाजलं, तर त्यातलं बरंचसं औषध जठरातच मोडतं. त्यावरचा लेप नेमका त्याच कारणासाठी दिलेला असतो. मग "मानक औषध चाललं नाही" अशी ओरड होते. म्हणून ते सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणात देतात. पण बायकार्बोनेट स्वतःच आम्ल मारतं! त्यामुळं कंट्रोल गटालाही तेवढंच बायकार्बोनेट, तेवढ्याच आकारमानात, त्याच वेळी द्यायला हवं. कंट्रोलला नुसतं पाणी आणि मानक गटाला बायकार्बोनेटसह औषध असं असेल, तर अर्धा फरक खाण्याच्या सोड्याचा निघू शकतो.

पाजायचं आकारमानही सगळ्यांना वजनाप्रमाणे सारखं हवं. सहसा किलोमागं १० मिलीच्या वर जाऊ नये. एका गटाला १ मिली आणि दुसऱ्याला ३ मिली म्हणजे पुन्हा पातळ होण्याचाच प्रश्न.

पाचवी: पिंजरा आणि उपास

रॅट स्वतःच्या लेंड्या खातो. हा आजार नाही, त्याचा स्वभाव आहे. माऊस आणि ससाही खातात. उपाशी ठेवलेला रॅट तर जे मिळेल ते तोंडात घालतो: लेंड्या, भुसा, स्वतःचे आणि सोबत्याचे केस. साध्या पिंजऱ्यात, बेडिंगवर रात्रभर उपाशी ठेवलेल्या रॅटचं जठर उघडून बघा. काळपट हिरवे चुरलेले तुकडे, त्यात गुंतलेला केसांचा बारीक पुंजका आणि लाकडाच्या भुशाच्या पिवळ्या काड्या. हा सगळा माल आम्ल शोषतो, आणि प्रत्येक रॅटनं किती खाल्लं ते वेगळं असतं. सहा आकडे सहा दिशांना जातात ते बहुतेक इथून.

उपाय म्हणजे उपासाच्या काळात रुंद जाळीच्या तळाचा पिंजरा, खाली ट्रे, आणि लेंड्या जाळीतून खाली पडतात की जाळीवरच अडकतात हे डोळ्यांनी बघणं. जाळी बारीक असेल तर काही उपयोग नाही. जाळीवर जनावराच्या पायांना त्रास होतो, म्हणून तिथं फक्त गरजेपुरतं ठेवायचं, कायमचं घर करायचं नाही. आमच्याकडचे मामा रात्री जाताना आणि सकाळी आल्यावर ट्रेमधल्या लेंड्यांवर नजर टाकतात. एखाद्या ट्रेमध्ये त्या फारच कमी दिसल्या तर त्या पिंजऱ्याची वहीत खूण करतात. पुढं जठर उघडल्यावर ती खूण उपयोगी पडते.

उपास किती? लायगेशनसाठी रॅटला १८ ते २४ तास रूढ आहे. जास्त ताणलं म्हणून जठर जास्त स्वच्छ होत नाही. जनावर सुकतं, ताण वाढतो आणि केस खाणं वाढतं. माऊसला रात्रभर उपाशी ठेवणं फार जड जातं. त्याचं वजन झपाट्यानं उतरतं, तिथं काही तासांचा उपास पुरतो. सशाचं जठर चोवीस तास उपाशी ठेवूनही रिकामं होत नाही, आणि ससा-गिनीपिगला लांब उपास धोक्याचा असतो, आतडं मंदावतं.

खाद्य काढायची वेळही ठरवा. रॅट रात्री जागतो आणि रात्रीच बहुतेक खातो. संध्याकाळी पाचला खाद्य काढलेला रॅट आणि सकाळी नऊला, म्हणजे पोटभर खाऊन झोपायच्या बेतात असताना, खाद्य काढलेला रॅट, यांचे अठरा तास सारखे नसतात. रात्री ट्यूबलाइट चालू राहिली तर हे घड्याळच बिघडतं. बारा तास उजेड, बारा तास अंधार, आणि अंधार म्हणजे खरा अंधार.

सहावी: पाणी

सोलापुरात उजनीचं पाणी नळाला रोज येईलच असं नाही. टाकी तळाला गेली की बोअर, बोअर आटला की टँकर. प्यायच्या पाण्याचा उगम आठवड्यात बदलतो आणि वहीत मात्र "पाणी मुबलक" एवढंच असतं. बोअरच्या जड पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतात, आणि उपाशी जनावर पोट भरायला पाणीच पितं. उन्हाळ्यात तर आणखी जास्त. एकूण स्रावापुढं हा परिणाम मोठा नाही, पण न बांधलेल्या जठराच्या मोजणीत तो दिसतो. संपूर्ण प्रयोगभर एकाच उगमाचं पाणी द्या, शक्यतो आरओचं, आणि मोजणीच्या साधारण तासभर आधी बाटल्या काढा.

काही मोठ्या जनावरगृहांत जिवाणू रोखायला प्यायचं पाणी मुद्दाम २.५ ते ३ पीएचचं ठेवतात. तिथून आणलेली जनावरं आपल्याकडं साध्या पाण्यावर आली की आतड्यातली जिवाणूंची वस्ती बदलू शकते. पुरवठादाराला हे एकदा विचारून घ्या.

सातवी: खाद्य

पोत्यावरचा बॅच क्रमांक लिहिता का? बहुतेक वह्यांत तो नसतो. पेलेटमधलं (खाद्याच्या गोळ्यांमधलं) कॅल्शियम कार्बोनेट आणि प्रथिनं आम्ल धरून ठेवतात, आणि कारखान्यानं घटक बदलले की ही क्षमता बदलते. घरच्या घरी तपासता येतं: १० ग्रॅम पेलेट दळा, १०० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये कालवा, पीएच घ्या, आणि पीएच ४ पर्यंत यायला ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल किती लागतं ते मोजा. जुन्या आणि नव्या पोत्याचं शेजारी शेजारी करा. फरक ठळक असेल तर दोन बॅचचे कंट्रोल न जुळण्याचं कारण हातात आलं.

सीकम आणि कोलनमध्ये खाद्याचा हात याहून मोठा. तंतू जास्त तर जिवाणू अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट जास्त बनवतात आणि पीएच उतरतो. शुद्ध केलेल्या घटकांचं, कमी तंतूंचं खाद्य दिलं की तो चढतो. प्रतिजैविक दिलं की हे जिवाणूच मरतात आणि सीकमचा पीएच वर जातो. कुणी जुलाब थांबवायला पाण्यातून प्रतिजैविक दिलं असेल आणि सांगितलं नसेल, तर शोधून काढा.

आठवी: खोली, हात आणि भूल

सीसीएसईएच्या (प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्राच्या समितीच्या) मार्गदर्शक सूचनांत जनावरांच्या खोलीचं तापमान १८ ते २९ अंश आणि आर्द्रता ३० ते ७० टक्के दिली आहे. आपल्या मे महिन्यात बाहेर ४२-४३ असताना दुपारी वीज गेली तर खोली किती वेळात या मर्यादेबाहेर जाते ते माहीत असायला हवं. कमाल-किमान तापमापक स्वस्त मिळतो. तो पिंजऱ्यांच्या उंचीला लावा, दाराजवळ नको. तापलेला रॅट खाणं कमी करतो, पाणी जास्त पितो आणि लाळ अंगाला फासून गार होतो. त्या दिवसांचे आकडे गार दिवसांशी जोडू नका.

आवाजाचंही तसंच. जानेवारीत गड्ड्याची यात्रा असते, शोभेच्या दारूकामाचे आवाज शहरभर जातात. जनावरगृह त्या बाजूला असेल तर मोजणी त्या आठवड्यात लावू नका. ताणाचा परिणाम व्हेगस नसेमार्फत थेट जठरावर होतो, हालचाल आणि स्राव दोन्ही बदलतात. म्हणूनच नवीन आलेल्या जनावरांना किमान आठवडाभर स्थिरावू द्यायचं, आणि त्या आठवड्यात रोज त्याच माणसानं हातात घ्यायचं, गॅव्हेजची (तोंडातून थेट जठरात औषध सोडायची) सुई न लावता. मोजणीच्या दिवशी पहिल्यांदाच अनोळखी हात लागला तर जनावर घाबरणारच.

भुलीबद्दल थोडक्यात. तोंड कोरडं राहावं म्हणून आधी अ‍ॅट्रोपीन दिलंत तर आम्लस्राव दबतो. युरेथेननं रॅटचा आम्लस्राव दबतो हे जुनं ज्ञान आहे. झायलाझिन ज्या अल्फा-२ गटातलं आहे ती औषधं आतडं मंदावतात आणि स्रावही उतरवू शकतात. सगळ्या गटांना एकच भूल, एकच डोस, एकाच वेळेच्या अंतरानं. पहिल्या बॅचला एक आणि दुसऱ्या बॅचला दुसरी भूल असेल तर त्या बॅचची बेरीज करूच नका.

नववी: स्वतः जनावर

इथवर सगळं ठीक निघालं तरच जनावराकडं वळा. वय: पिल्लांत आम्लस्राव दूध सुटायच्या सुमारास, म्हणजे तिसऱ्या आठवड्याच्या आसपास, वाढतो. नुकती दूध सोडलेली आणि प्रौढ जनावरं एका गटात नकोत. जात आणि लिंग: मिसळू नका. वजन: १५० आणि २५० ग्रॅमचे रॅट शेजारी ठेवू नका. पुरवठादार बदलला असेल तर नवा कंट्रोल गट लागतो, जुना चालत नाही.

थांबा आणि जाणकाराला बोलवा

पोक काढून बसलेलं जनावर, विस्कटलेले केस, डोळ्याभोवती आणि नाकाशी लालसर कड, जुलाब, उतरणारं वजन किंवा कारण नसताना मेलेलं एखादं जनावर. यातलं काहीही दिसलं की पीएच विसरा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकांना बोलवा. स्वतः प्रतिजैविक सुरू करू नका. माऊसमध्ये हेलिकोबॅक्टरसारखा संसर्ग आहे का, हे आपल्या टेबलावर कळत नाही. त्याला प्रयोगशाळेतली तपासणी लागते. पशुवैद्यक येतील तेव्हा खाद्याचा बॅच क्रमांक, पाण्याचा उगम, तापमानाची नोंद, आधी दिलेली सगळी औषधं आणि जनावरं आल्याची तारीख एका कागदावर तयार ठेवा. मेलेलं जनावर फ्रीजरमध्ये टाकू नका, गोठलेल्या ऊतीवरून फारसं सांगता येत नाही. साध्या फ्रीजमध्ये ठेवा आणि लवकर पाठवा.

इलेक्ट्रोड स्वच्छ करून, नवे बफर घेऊनही मिलिव्होल्टचा फरक येत नसेल तर मीटर कंपनीच्या माणसाकडं द्या. उघडू नका. खाद्याच्या दोन बॅच ठळक वेगळ्या निघाल्या तर नमुना विश्लेषणाला पाठवा आणि ते पोतं बाजूला ठेवा.

आणि नऊही तपासण्या होऊन आकडे विखुरलेलेच राहिले, तर आणखी जनावरं घेण्याचा निर्णय विद्यार्थ्याचा नाही, गाईडचा नाही आणि माझाही नाही. मंजूर संख्येच्या पलीकडचं प्रत्येक जनावर संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीच्या परवानगीनंच घ्यायचं. १९९८ च्या नियमांनुसार ते बंधनकारक आहे. समितीपुढं जाताना नुसती "आकडे जुळत नाहीत" अशी विनंती नेऊ नका. कोणती तपासणी कधी केली, काय सापडलं, काय दुरुस्त केलं आणि उरलेल्या विखुरण्यात किती जनावरं लागतील याचं संख्याशास्त्रज्ञाकडून काढून घेतलेलं गणित सोबत न्या.